पाणी प्यायलेली घरं

सायन्सची यादी चौऱ्याहत्तरला बंद झाली,
मला एकोणसाठ.
म्हणून कला. म्हणून समाजशास्त्र.
आईने विचारलं, "ह्येच्यात काय शिकयतत?"
म्हटलं, समाजात कसं वागायचं ते असेल.
"मगे बरा. तुका गरज आसा."

पहिल्या तासाला खवणेकर मॅडम आल्या,
पुस्तक उघडलंच नाही.
जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं वाटली.
घरापासून कॉलेजपर्यंतची वाट काढा म्हणाल्या.
सोपं होतं. देवगडात वाट म्हणजे चढ.
बंदर, बर्फाचा कारखाना,
जाळ्याची भोकं सांधत बसलेले गणू आबा,
तिठा, स्टँड, मग सडा आणि सड्यावर कॉलेज.
मी हौसेने लायटीचे खांबसुद्धा काढले.

मग म्हणाल्या,
आता ज्या ज्या घरी कधी पाणी प्यायलात
त्या घरावर टिंब द्या.

हसलो आम्ही. पाण्याचं काय एवढं,
कोणीही कोणाकडे पितो.
नफीसा सोलकर उठली, "मॅडम, आमच्याकडचा शीरखुर्मा मोजायचा का?
ईदला अर्धा वर्ग असतो."
"त्याला चांदणी काढ," मॅडम म्हणाल्या, "टिंब पाण्यालाच."

टिंबं पडू लागली,
आणि थोड्या वेळाने पेनं थांबू लागली.

माझी बारा. बाराही गाबीतवाडीत.
दाव्याला बांधलेलं वासरू
दाव्याएवढंच गवत खातं, तसा गोल.
पण मला तर कोणीच बांधलं नव्हतं.
तिकडे पिऊ नको, असं घरात कोणी कधी म्हणालं नाही.
"बरोबर," मॅडम म्हणाल्या,
"जे सांगावंच लागत नाही
ते शोधायचंय आपल्याला वर्षभर."

प्रथमेश घाडी तापला.
"मी जातपात मानत नाही."
"नसशील. मला पटतं.
तुझा कागदही खोटा बोलत नाहीये.
दोन्ही एकाच वेळी खरं कसं, सांग."
प्रथमेश बसला.
पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला.

मग सगळे कागद जमिनीवर जोडले.
वाऱ्याने उडू नयेत म्हणून चपला ठेवल्या वर.
अख्खं गाव पसरलं आमच्या पायाशी,
कुठे चार चार वेळा काढलेलं,
बौद्धवाडी फक्त बौद्धवाडीतल्या तिघांनीच काढलेली,
आणि कॉलेजच्या मागे एक पांढरा चौकोन.
तिथे बाग आहे, हापूसची. कोणी झाडं काढली होती.
झाडांमधली पत्र्याची खोली कोणीच नाही.

बिमला रोकाया त्या खोलीत राहते.
वडील बाग राखतात.
पाचवीपासून आमच्या वर्गात आहे ती,
शेवटच्या बाकावर, खिडकीकडे.
तिचा कागद मी वाकून बघितला.
त्यावर आमचं घर होतं.
ओटा, माड, दारातला काळा कुत्रा,
आणि घरावर टिंब.

"तू कधी आलीस आमच्याकडे?"
"तुझ्या ताईच्या लग्नात. आई भांडी घासायला होती, मी सोबत.
मागच्या दाराने आलो आम्ही.
तुझ्या आईने पाणी दिलं. गूळ पण."
ती हे तक्रारीसारखं नाही बोलली.
तक्रारीसारखं बोलली असती तर
मला भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी जेटीवर लिलाव रोजचाच.
सुरमईच्या पाट्या, ओरडा, वितळता बर्फ.
मी उगाच बघत राहिलो:
भाव बोलणारा उभा कुठे राहतो,
पाटी उचलणारा कोणाच्या डोळ्यांत बघत नाही,
होडीवरच्या नेपाळी पोरांना हाक मारताना
एकाचंही नाव का येत नाही कोणाला.
मलाही येत नव्हतं.

घरी आलो. आई बांगडे साफ करत होती.
"बिमलाच्या आईला पाणी दिलंस ना लग्नात,
कुठल्या पेल्यातून दिलंस?"
"पेलो तो पेलो," आई म्हणाली.
पण तिची नजर मोरीवरच्या फळीकडे गेली,
तिथे एकटा एक पेला
पालथा होता. मीही बघितला.

बराच वेळ खवल्यांचाच आवाज.
मग खाली बघत म्हणाली,
"शिकयतत तरी काय रे तुका थंय?"