दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये

फोन आला तेव्हा मी सान नदीच्या पुलावर होतो.
म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमातली लिफ्ट
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती.
आत नर्स ओतिलिया, एक चाकाची खुर्ची,
आणि खुर्चीत फादर वावझिनिएत्स,
ज्यांनी मला ईश्वर सिद्ध करायला शिकवलं होतं.

ब्याऐंशीचा हिवाळा. वर्गात कोळसा नाही.
आम्ही अकरा पोरं ओव्हरकोट घालून बसलेलो.
फादर छताकडे बोट करून विचारत:
दिवा कशाला टांगलाय?
साखळीला.
साखळी?
हुकाला. हूक तुळईला,
तुळई भिंतींवर, भिंती पायावर, पाया जमिनीवर.
"आणि जमीन, पोरांनो?"
कुणीतरी शिंकायचं.
कड्या हव्या तेवढ्या वाढवा, ते म्हणत,
नुसत्या कड्यांना कुठलाच दिवा लटकत नाही.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येईल?

मी वहीत लिहिलं: *म्हणून*
आणि घंटा झाली.

वसंतात मी सेमिनरी सोडली.
शंका आली म्हणून नाही, तेवढी ऐपत नव्हती.
भावाला पकडून नेलं होतं, घरात पगार लागत होता.
तेव्हापासून बेचाळीस वर्षं
मी लोकांना टांगतोय,
आणि लोक आत आरशात केस नीट करतात.

तिकोनी चावीनं तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं.
खाली लिफ्टचं टप, धूळ, तेलकट दोर.
झरोक्यातून आवाज आला:
"वर कोण आहे?"
"मेकॅनिक," मी म्हणालो.
"बघ ओतिलिया! मी म्हणत नव्हतो?"

स्वतःच्या बहिणीचं नाव त्यांना आता आठवत नाही,
माझं कुठून आठवणार. पण पहिला युक्तिवाद
जसाच्या तसा, स्वल्पविरामासकट, अंधारातून वर येत राहिला:
जे हलतं ते दुसऱ्या कुणीतरी हलवलेलं असतं,
त्या दुसऱ्याला तिसऱ्यानं...
"फादर," ओतिलिया म्हणाली,
"आत्ता तर काहीच हलत नाहीये."

ते गप्प झाले.
बराच वेळ. मला वाटलं, झोपले.
"हो," ते म्हणाले. "या आक्षेपाला उत्तर होतं."

मी टॉर्च फिरवला. भिंतीलगत प्रतिभार उभा होता,
बिडाच्या लाद्यांची ती काळी चळत.
तुम्ही वर जाता तेव्हा ती खाली येते, तुम्ही खाली तेव्हा वर,
आणि आतल्या कुणालाही ती जन्मात दिसत नाही.
क्षणभर ओरडून सांगावंसं वाटलं.
पण त्यांचं उत्तर मला पाठ होतं:
दाखला चांगला आहे, बाळ. पुरावा कुठाय?

दोष दुसऱ्या मजल्यावर सापडला.
दाराच्या खाचेत एक वाळका वाटाणा.
स्वयंपाकघराच्या गाडीवरून सांडला असणार.
दार केसभर उघडं राहिलं, संपर्क तुटला,
मोटर, ब्रेक, दोर, म्हातारा, नर्स,
सगळी साखळी जागच्या जागी थांबली.
सगळं हलवणाऱ्याला काय काय असावं लागतं
याची यादी आम्ही तीन आठवडे केली होती.
थांबवायला वाटाणा पुरतो
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

लिफ्ट हळूच वर आली. दार सरकलं.
हात बटणांकडेच ठेवून, बारीक डोळे करून
त्यांनी माझे काळे पंजे पाहिले, खिशातला पाना,
मग मान उचलून माझ्या मागचं छत.
"पण आम्हाला खाली जायचं होतं," ते म्हणाले.
"सूप निवत असेल."

मी एकचं बटण दाबलं.

नंतर जिन्यावर बसून फॉर्म भरला.
*बिघाडाचं कारण:* वाटाणा.
त्याखाली ऑफिसनं हल्लीच एक नवा रकाना घातलाय,
*मूळ कारण.*
तो रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो.
येऊ दे.