घरी कुत्री किती?

सुई उघडून झाली होती,
स्पिरिटचा बोळा गळ्यावरून फिरला होता.
डाव्या बाजूची गाठ, अक्रोडाएवढी,
गिळताना वरखाली होणारी, न दुखणारी.
थायरॉइडच्या अशा गाठी नारीनच्या या दवाखान्यात
आठवड्याला दहा येतात.
सुई घालायची, थेंबभर ओढायचं,
काचेवर पसरून बिश्केकला धाडायचं.
हात आपोआप चालतो.

सुयुमकान छताकडे बघत सांगत होती
की अत-बाशीहून येताना ट्रक दोनदा बंद पडला,
मेंढ्या नवऱ्याच्या भरवशावर टाकून आलेय,
लवकर सोडा.
तिच्या बाहीला एक केस चिकटला होता,
पांढरा, राठ.
मी तो उचलला. उगाच.
आणि विचारलं, घरी कुत्री किती?

हसली ती. गाठही हलली हसण्यासोबत.
एकच. बोरूबासार.
लांडग्यावर तुटून पडतो म्हणून हे नाव.
थंडीत माझ्या पायाशी झोपतो,
मेंढी कापली की काळीज-फुप्फुसं त्याची,
हक्काची.

सुई मी ट्रेमध्ये ठेवली.
जिय्देगुल नर्सने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

जेल गार आहे हं, म्हटलं.
पडद्यावर काळं गोल तळं,
त्याला दुहेरी काठ.
तिला कूस बदलायला लावली
तशी तळाची वाळू सावकाश उठली
आणि पुन्हा बसली.

पंचवीस वर्षांत हे यकृतात पाहिलं, फुप्फुसात पाहिलं,
एकदा एका पोराच्या डोळ्यामागे.
गळ्यात कधीच नाही.
पाच मिनिटांपूर्वी या तळ्याला मी भोक पाडणार होते,
आणि आतलं पाणी रक्तात उतरून तिचा श्वास
इथेच, या टेबलावर
हे वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही, स्वतःशीही.

यकृतात आणखी एक निघाली, जुनी,
चुन्यासारखी वाळलेली. तिला नुसतं बघत राहायचं.

केसाने गळा कापणं म्हणतात
ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं:
केसावर अंडं, केसावर हात, हातात नान.
पण दगा कुणी दिला?
ते काळीज त्याच्यापुढे टाकणारी सुरी
तर घरातलीच होती.

गोळ्या दिल्या. तुपकट खाण्यासोबत घ्यायच्या, नाहीतर अंगी लागत नाहीत.
काइमाक चालेल? तिने विचारलं.
काइमाकच हवं, मी म्हटलं,
आणि दवाखान्यात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी खूश झालं.

ऑपरेशनला मिठाचं पाणी, डोळ्यांतल्यापेक्षा कितीतरी खारट.
जिय्देगुल कापडं भिजवून देत होती,
मी गाठीभोवती रचत होते,
फुटलीच तर थेंबही निसटू नये म्हणून.
आवाजाची नस गाठीच्या पाठीला लागून,
शिवणाच्या दोऱ्याएवढी.
तिला सोडवायला चाळीस मिनिटं.
मग अर्ध्या ग्रंथीसकट अख्खी निघाली,
न फुटता, ट्रेमध्ये डुलत,
सोललेल्या अंड्यासारखी पांढरी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही पुन्हा धुतलं सगळं.

शुद्धीवर येताच ती घोगऱ्या आवाजात म्हणाली,
त्याला मारलं तर नाही ना?

नवरा दारात उभा होता, तुरातबेक, टोपी हातात.
बंदूक काढून ठेवली आहे, म्हणाला,
घरी गेलो की.

मी चिठ्ठी लिहिली.
रुग्णाचं नाव: बोरूबासार. वय: सहा.
महिन्याला एक गोळी, मांसात लपवून.
विष्ठा खोल पुरायची, हात साबणाने.
खाली दवाखान्याचा शिक्का मारला.
तो बराच वेळ शिक्क्याकडे बघत राहिला.

आणि काळीज? तो काय खाणार?
उकळून द्या. अर्धा तास.
अर्धा तास,
त्याने पुन्हा म्हटलं.
वर कुरणात झाड नाही,
शेणाच्या गोवऱ्या, त्याही मोजून.
तो बोटांवर काहीतरी हिशेब करत होता.