आंबू दिलेला रस

बाटली आली ती लाकडी भुश्यात पुरलेली,
नमुन्याच्या कास्टिंगशेजारी.
आम्ही शिरोलीत ओततो त्या पंपाच्या बॉड्या
फाब्रित्स्योच्या डोंगरावर द्राक्षाचा रस ओढतात,
हे मला चार वर्षांनी कळलं.
लेबलवर तिरकं रान, एक घर, सुरूसारखी झाडं,
खाली बारीक अक्षरात: चौथी पिढी.

बूच निघेना.
उद्यमनगरात त्याचं हत्यार कुणाकडं असणार?
दस्तगीर शिकलगारनं लेथ थांबवला,
तीन इंची स्क्रू आत फिरवला,
बाटली गुडघ्यांत दाबून पकडीनं
दात उपटावा तसा ओढला.
स्वतः घेत नाही तो.
नुसतं बूच नाकाला लावून म्हणाला,
"सुभाषनगरची नवी चप्पल, लेका. तेल पाजलेली."

घरात त्या दिवशी शनिवारचं पिठलं.
आई म्हणाली, देवघराकडं पाठ करून बसा.
स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही
म्हणून चहाचे दोन काचेचे ग्लास.

आबांची जीभ गुळव्याची.
शाहूपुरीच्या सौद्यात ढेपेची कपची तोंडात टाकली की सांगायचे
गाव कुठलं, भेंडी नीट घातली का,
पाणी विहिरीचं का नदीचं.
पहिला घोट त्यांनी विड्यासारखा
एका गालात धरून ठेवला.
गिळला.
"आंबलंय की रं हे."

ज्याची धास्ती त्यांनी चाळीस हंगाम घेतली
ते आता जिभेवर आलं होतं.
घाण्यातला रस काहिलीत वेळेत पडला नाही
की फेस धरतो, पाकाची गोळी वळत नाही,
ढेप पाझरते, अडत्या तोंड फिरवतो.
रात्र-रात्र चुलवाणापुढं बसून
आबांनी रसाला आंबायची सवड दिली नाही.

मुद्दाम आंबवतात, मी म्हणालो.
मग लाकडाच्या पिंपात दोन-दोन वर्षं.
"आणि करत काय बसतात?"
थांबतात.
"नुसतं?"
नुसतं.
"आणि तंवर पोटाला?"
ह्याचं उत्तर लेबलवर नव्हतं.

मला लागलं करवंदाच्या सालीसारखं,
तुरट, हिरड्या आवळणारं,
मागून निपाणीच्या वखारीवरून जाताना येतो तसा वास,
आणि लोखंड.
लोखंड माझ्या हाताचंही असेल.

दुसऱ्या घोटाला आबांचे डोळे मिटले.
"पाणी तोडलंय ह्येनं.
उतारावरचं रान. मुरमाड.
मुळी खाली खाली गेलीया धुंडाळत."
पन्हाळ्याच्या पायथ्याचा आमचा तुकडा तसाच,
पाट चढायचा नाही तिथं.
शेजारच्यांचा ऊस मनगटाएवढा,
आमचा अंगठ्याएवढा,
पण त्याची ढेप सौद्यात आधी उचलायचे.
हे ते बोलले नाहीत. मी बोलतोय.
ते ग्लास दिव्याकडं धरून
मळी बघत होते.
तळाला होती थोडी, काळपट.
बोटानं काढून चाखली.

"त्येचा पोरगा ऱ्हायला का डोंगरावर?"

आई ताटं उचलत होती, ती थांबली.
चुलवाण विझलं त्या साली
मी फाउंड्रीत पहिली हजेरी लावली होती.
त्या दोन गोष्टी आमच्या घरात
एका वाक्यात येत नाहीत.

"पोरगी बघते सगळं," मी म्हणालो.
मला काहीही माहीत नव्हतं.

"पोरगी," आबा म्हणाले.
मग बराच वेळानं, "मग थांबत असंल ती,"
आणि उरलेलं माझ्या ग्लासात ओतलं,
ढेकर दिला,
बूच खिशात टाकलं.

सोमवारी बिलं पाठवायची आहेत इटलीला.
खाली एक ओळ जास्तीची घालायचीय,
ती इंग्रजीत कशी लिहावी सुचत नाही:
भाऊ, तुला पोरगी आहे का?