उधारीच्या वहीतलं एक पान

तीन महिने जैतुनबीच्या नावापुढं काहीच नाही.
ना मका, ना लेअर मॅश.
कोंबड्या मेल्या असतील असं धरून
उधारी मागायला मी तोंडारला गेलो.

शेडच्या पत्र्यावर रताळ्याचे काप,
मिरच्या वाळत घालाव्यात तसे.

"शिवरात झाल्यावर रताळ्याला कोण इचारतंय, शेठ?
उदगीरच्या बाजारात, उठता उठता
मातीसकट दोन पोती घातली माझ्या टेंपोत."

पहिल्यांदा कच्चीच टाकली म्हणे, पोटभर.
आठ दिवस एक अंडं नाही.
मग उकडली, वाळवली, भरडली;
ज्वारीच्या कण्यांत तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही.
बलक फिका पडला
तेव्हा रताळ्याचाच वेल चिरून टाकला.

हे सगळं ती सांगत होती
आणि माझ्या डोक्यात पोत्यांचा हिशेब मागं मागं जात होता.

एक तांबडी कोंबडी दुसरीची पिसं उपटत होती.
"हे का?"
"पेंड कमी पडूलालीय. रताळ्यात ताकद हाय, मांस न्हाई."

चाळीस अंडी उधारीत वळती केली.
घरी बायकोनं एक फोडलं, वाटीत बघत राहिली:
"कुठली हो ही?"
मी सांगितलं नाही. दुकानदार आहे मी.

रात्री वही उघडली.
जैतुनबी पठाण, सोयापेंड, एक पोतं.
खाली, खोडायचं राहून गेलेलं:
रताळी, भाव विचारणे.