आयशप्पत

शारजात, रोला चौकाच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
माझं दुकान आहे: भाषांतर, टायपिंग, झेरॉक्स.
मराठीचं काम वर्षाला चार-पाचदा येतं,
बहुधा कुणी वारलेलं असतं
किंवा कुणाचं मोडलेलं असतं.

मुबीन परकार पेनड्राइव्ह घेऊन आले.
पंचावन्न वय, केसांना मेंदी,
आणि काउंटरच्या काचेवर बोटं चालत होती,
कीबोर्ड नसतानाही.
'मॅडम, एक मिनिटाचं काम आहे,' म्हणाले,
आणि मी चेहऱ्याआधी आवाज ओळखला.
सहा वर्षं शुक्रवारी सकाळी कांदा चिरताना
रेडिओवर ऐकलाय तो:
भावांनो, माणगावच्या डोंगराखाली
आपला स्वतःचा प्लॉट.
मागं आठ सेकंदांची गुणगुण.

डोंगर होता. प्लॉट नव्हते.

दोघे मालक कुठंतरी आहेत.
'कुठंतरी' हा पत्ता समन्सवर चालत नाही.
परकारांचा चालतो: इमारत, फ्लॅट, पोस्ट बॉक्स.
टॅक्सीवाले, सोनापूरच्या कॅम्पातले फिटर,
अजमानच्या शाळेतली एक आया,
एकशे बारा जणांनी सह्या केल्यात एका वाक्याखाली:
कंपनीला आम्ही ओळखत नव्हतो, ह्यांना ओळखत होतो.

करार दोन रकान्यांचा. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी,
वाद झाल्यास उजवा रकाना खरा.
'तुम्ही कुठला वाचलात?'
'मी आकडा वाचला.'
तीन हजार दिरहम.

कलम नऊ: आवाज, छायाचित्र आणि चाल
आजच्या व पुढे शोध लागतील त्या सर्व माध्यमांत
कायमची कंपनीची.
उजव्या रकान्यातल्या 'कायमची'वर त्यांनी बोट ठेवलं.
'हा शब्द जन्नतीच्या वर्णनात येतो,' म्हणाले.
थोड्या वेळानं, 'दुसऱ्या ठिकाणच्याही.'
मग चालीचं विचारलं.
ती त्यांच्या गावच्या हळदीची, आजीच्याही आधीची.
मी म्हटलं, ते वकिलाला विचारा.

माझं काम वेगळं होतं. ध्वनिफितीतला एकच शब्द,
जो मंजूर मजकुरात नव्हता.
कंपनीचा वकील म्हणतो, तो आमचा नाही,
तो कलाकारानं पदरचा घातला.

'शेवटी दोन सेकंद उरत होते,' परकार म्हणाले.
'रेकॉर्डिंगवाला बोलला, भरा कायतरी.
मी भरलं.'

आयशप्पत.

पापलेटच्या भावाला आपण म्हणतो ते.
सुटलेल्या बसला, ऑगस्टमधल्या उन्हाला,
कुणाच्या पोराला नव्वद टक्के पडले त्याला.
त्यात आई असते?
अरबीत मात्र शपथ ही शपथ असते,
ती कागदावर उतरली की उभी राहते.

मीसुद्धा शपथ घेतलेली बाई.
सरकारी खोलीत उभी राहून म्हटलंय,
काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही.
तासभर तो एक शब्द समोर ठेवून बसले,
करक चहाचे दोन कप झाले.
शेवटी 'आईची शपथ' असंच लिहिलं
आणि खाली बारीक अक्षरात टीप:
बोलीभाषेत हा निव्वळ उद्गार म्हणूनही वापरतात.

त्यांना वाचून दाखवली.
वाटलं होतं, हायसं वाटेल.

'ती ओळ काढा.'
का?
'त्या फिटर लोकांना माहीत नाही काय?
तेपण दिवसातून पन्नासदा बोलतात.
पण माझ्या तोंडून आलं तेव्हा
त्यांनी शपथच ऐकली, मॅडम.
पैसे त्यांनी कशावर भरले?'

मी म्हटलं, परकार, टीप माझी आहे,
तिच्याखाली शिक्का माझा आहे.
ती राहील.

ते काही बोलले नाहीत. सहा पानांचे पैसे मोजले,
एक नोट जास्त आली होती, ती परत घेतली नाही,
मी ती हातात कोंबली.

जिन्यात गुणगुण सुरू झाली, सवयीनं असावी.
तिसऱ्या सुरावर थांबली.
मग खालच्या दारापर्यंत
नुसत्या चपला.