दोनदा भिजलेलं गवत

एप्रिलमध्ये नदी कुरणावर चढून येते
आणि मे संपता संपता, नाइलाजानं, उतरते.
मग गवत कंबरेला लागतं, मग छातीला,
आणि आत कुठेतरी तो रुक्किरॅक पक्षी
रात्रभर फणीवरून नख ओढत बसतो.
त्याची पिल्लं पळू लागेपर्यंत यंत्र घालायचं नाही,
आणि घातलं की मधून सुरुवात, कडेकडे जात जात,
म्हणजे जिवंत असेल त्याला वाट राहते.

एवढं थांबलं की गवत निबर होतं,
गाय तोंड लावत नाही.
तशाही लुहाक्युलात आता गाई नाहीत.
गठ्ठे माझ्याकडे येतात.
मी उर्वे, बॉयलरवर, बहुतेक रात्रपाळी.

गवत लाकडासारखं शहाण्यानं जळत नाही.
त्याची राख वितळते, जाळीला काचेसारखी धरते.
पहाटे तीनला मी ती पहारीनं फोडते
आणि शिव्या घालते, कुणाला ते ठरलेलं नाही.
खत घातलेल्या शेतातलं कोवळं गवत तर नकोच,
ते पलीकडच्या नव्या शेडमध्ये पिळतात;
हिरवा फेसाळ रस, त्यातून डुकरांसाठी प्रथिनांची भुकटी,
वास रविवारीसुद्धा केसांतून जात नाही.
माझ्या भट्टीला कुरणाचंच हवं,
तेही कापून, आडवं पडून, पावसात भिजलेलं.
एकदा भिजलं तर बरं.
दोनदा भिजलं तर काय विचारता:
क्षार धुऊन जातात, राख सुटी पडते.

हे मी बाबांना सांगायला नको होतं.

वृद्धाश्रमात खोली सहा. ते रेडिएटरला पाठ लावून बसलेले.
आमचाच पाइप तिथवर जातो.
मी सहज म्हटलं, ऑगस्टभर पाऊस झाला, छान झालं,
गवत मस्त भिजलं.

"भिजलं? आणि छान?"

मग अठ्ठ्याहत्तर साल निघालं.
सामुदायिक शेताचं काम उरकून
स्वतःच्या गाईसाठी रात्री कापलेलं गवत.
नऊ दिवस पाऊस. उलटलं, परत उलटलं, काळं पडलं.
आईनं मुठीत घेऊन हुंगलं आणि काही बोलली नाही.
मुस्तिक नावाची गाय बर्फ पडायच्या आत विकली.
एवढं मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच.
पुढचं नव्हतं:
"त्यातली एक संध्याकाळ कोरडी होती, उर्वे.
वारासुद्धा होता. मी झोपलो."

त्यांनी खुर्ची रेडिएटरपासून वीतभर लांब ओढली.
थंडी वाजू लागल्यावर पुन्हा जवळ घेतली.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मागितलं म्हणून
मी गठ्ठ्यातलं मूठभर घेऊन गेले.
त्यांनी बोटांत चुरलं, हुंगलं, खिडकीपाशी धरलं.
"काळं आहे," म्हणाले. "दोनदा तरी भिजलंय."
मग, "ज्याचं असेल तो झोपला असणार."

कापणारा ठेकेदार अठ्ठावीस वर्षांचा आहे,
मोबाइलवर ढग बघून मुद्दाम पावसाआधी कापतो,
हे मी सांगितलं नाही.

"रागावू नकोस त्याच्यावर."

"नाही," मी म्हटलं, "नाही रागावले,"
आणि सतरंजीवर पडलेल्या काड्या वेचून
खिशात टाकल्या. कामावर जायचंच होतं.