हमामाखालचा माणूस

शाळेच्या भिंतीवर पांढरी पेटी ठोकली त्यांनी,
ऑलिव्हचे घाणे सुरू व्हायच्या आठवड्यात.
हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा.
मास्तर इद्दर म्हणाले, ही हवा चाखते
आणि तोंडावर खरं सांगते.
गावात आजवर असं कुणी नव्हतं.

मी हमामाची भट्टी सांभाळतो.
रस्त्याखाली सात पायऱ्या,
तिथं दिवस आणि रात्र एकाच रंगाची.
वर बायका पाठी घासतात, हसतात, बादल्या आपटतात.
माझ्यापर्यंत पोचतं फक्त पाणी.
एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही, काय जाळतोस.
पाणी कढत आहे ना? मग झालं.

कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं:
आधी ओकाची लाकडं,
ती परवडेनात तेव्हा सुताराकडचा भुसा,
मग घाण्यावरचा चोथा, काळा, ओशट,
आणि एका हिवाळ्यात, अल्लाह माफ करो,
टायर.

दर गुरुवारी संध्याकाळी पेटी लाल.
शुक्रवारच्या नमाजाआधी गाव स्वच्छ होतं,
आणि गावाचा मळ
माझ्या धुराड्यातून वर जातो.
माझी तूदा वही घेऊन पेटीखाली उभी राहते.
शाळेचं काम आहे म्हणते.
माझ्याकडे बघत नाही, पेटीकडे बघते.
बघणं टाळण्यात ती आईवर गेली आहे.

जानेवारीत डोंगर पांढरा होतो
आणि थंडी गावावर झाकण ठेवते.
धूर वर जायचं नाव घेत नाही,
गल्लीत कमरेइतका उभा राहतो,
जेवून झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
औषधवाली ज़ोहूर म्हणते, फवारे संपले, सोमवारी या.
सोमवारी म्हणते, गुरुवारी या.
घरोघरी चूल आहे, पण
खोकला आला की लोक बोट दाखवतात
ते माझ्या धुराड्याकडेच. उंच आहे ना.

मार्चमध्ये पाऊस धुऊन काढतो सगळं.
मशिदीच्या मिनारावर करकोचे चोच वाजवतात.
तीन आठवडे दिवा हिरवा.
हिरव्या दिव्याकडे
कोण बघतंय.

मग जुलै. मग शेर्गी.
पूर्वेकडून, डोंगरापलीकडून, भाजलेला वारा.
आभाळ जिऱ्याच्या रंगाचं,
पावात वाळू, पाण्यात वाळू, दुआ मागताना दाताखाली वाळू.
हमाम बंद होता, मालक चुना मारून घेत होता.
माझी भट्टी गार. चार दिवस एक काडी पेटली नव्हती.
आणि पेटी लाल!
मी सात पायऱ्या चढलो, हात धुतले,
स्वच्छ सदरा घातला लग्नाला निघाल्यासारखा,
आणि शाळेसमोर जाऊन उभा राहिलो.
बघा, म्हटलं, मी नाही.
भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.
एक प्लास्टिकची पिशवी
माझ्या पायाला अडकली आणि सुटून गेली.
मग खोकला आला. बराच वेळ थांबेना.
धुराचा की धुळीचा, त्याचं त्यालाच ठाऊक.

घरी तूदा झोपली होती, वही उघडी.
अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात.
पहिल्या रकान्यात तारीख.
दुसऱ्यात बाण, वाऱ्याचे असावेत.
तिसऱ्यात रंगीत पेन्सिलीचे ठिपके, लाल पेन्सिल झिजलेली.
चौथ्याला वर नावच नव्हतं.
अकरा. चौदा. नऊ. चाळीस.
मला वाटलं, ऊन मोजलं असेल.
पण चाळीस जानेवारीतलं होतं.

सकाळी विचारलं.
ती बुटाची नाडी बांधत होती, बांधतच राहिली.
"रात्री मोजते," म्हणाली. "भिंतीपलीकडून."

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून खोकलो,
घोंगडी डोक्यावर ओढून,
चोरासारखा.
पहाटे कामावर निघताना वही पाहिली.
सतरा.
मी स्वतः मोजले होते पंधरा.